महिन्याचा मानकरी

सकाळी साडेसहाला मी सगळ्यांना मोरीशेजारी गोल उभं केलं आणि म्हणालो, "आजपासून रोज पाच मिनिटं आपण एकमेकांशी बोलायचं." सगळे गप्प. वेटरनं कानावरची बिडी खिशात टाकली. भांडीवाल्या मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

माझ्या नेतृत्वाचा हा पहिला दिवस.

खूळ मुलीचं. ती हिंजवडीला माणसं सांभाळायच्या खात्यात आहे. एका रविवारी ती मिसळ खायला आली, तासभर बघत बसली आणि निघताना म्हणाली, "बाबा, तू लीडर नाहीयेस. तू नुसता गल्ल्यावर बसतोस." खोटं नव्हतं. पण गल्ल्यावर बसणं म्हणजे काय हे तिला काय कळणार! माझ्या वडिलांनी खांद्यावरच्या एका पंच्यावर हे हॉटेल चालवलं. राग आला की पंचा टेबलावर आपटायचा, खूश झाले की त्याच पंच्यानं घाम पुसत चहा पाजायचा. पंच्याचा वारसा मला झेपला नाही. मी आपला सुट्टे मोजतो.

तर ती पाच मिनिटं. मोकळेपणानं बोला म्हटल्यावर सगळे खरंच मोकळे झाले. चौघांनी उचल मागितली, एकानं बहिणीच्या लग्नाची रजा मागितली आणि सहावा आठवडाभर म्हणत होता तेच परत म्हणाला, की सिलिंडर संपत आलाय. नेमका तेव्हाच तो संपला. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर संपायची वेळ पंचांगात नसते, पण रविवारी सकाळी आठच्या आत संपणार हे ठरलेलं. उचलीचं म्हणाल तर माझ्या गल्ल्यात दोन वह्या आहेत. धंद्याची पातळ, उचलीची जाड.

मग सूचनापेटी ठेवली. तीन दिवसांनी उघडली तर आत सत्तेचाळीस रुपये आणि "पाव गरम द्या" अशी एक चिठ्ठी. गिऱ्हाइकांना ती मंदिराची वाटली होती. पैसे पेटीतच ठेवले, चिठ्ठी वेटरला दाखवली. त्यानं ती पाव पुसायला घेतली.

पण खरा घात केला तो 'महिन्याचा मानकरी'नं. मुलगी म्हणाली, माणसाला पैशापेक्षा कौतुक हवं असतं. (ती उचलीची वही तिनं बघितलेली नाही.) पहिला मान अर्थातच वस्तादांचा. गेली सोळा वर्षं रस्सा त्यांच्या हातचा. फोटो काढायला तयार नव्हते, मग टोपी घालून, छाती काढून, डोळे वटारून बसले. मी बारा बाय पंधराचा मोठा केला, सोनेरी चौकटीत घातला आणि भिंतीवर जिथं खिळा होता तिथं टांगला. खिळा वडिलांच्या फोटोशेजारी होता.

आमचा हारवाला पहाटे येतो, निम्म्या झोपेत असतो. त्यानं दोन फोटो बघितले, दोन हार घातले.

सातला पहिलं गिऱ्हाईक आलं, ते वस्तादांच्या हातची मिसळ दहा वर्षं खाणारं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, चपला काढल्या, हात जोडले. "कधी झालं हो?" मला वाटलं मानकरी कधी झाले असं विचारतायत. मी हसून म्हणालो, "कालच. फार आनंद झाला सगळ्यांना." गृहस्थ पाव न खाता उठले. साडेआठपर्यंत तिघांनी सांत्वन केलं, एकानं उदबत्ती लावली. नऊला वस्ताद तर्री बघायला म्हणून बाहेर डोकावले आणि चौथ्या टेबलावरच्या आजी किंचाळल्या.

वस्तादांनी वर बघितलं. झेंडूचा हार. उदबत्ती. काही बोलले नाहीत. झारा ठेवला, टोपी काढली आणि म्हणाले, "मालक, जिवंतपनी तेवढंच ऱ्हायलं व्हतं." दरवर्षी पालखी पुण्यात मुक्कामाला आली की ते तिच्याबरोबर निघतात. यंदा चार दिवस आधीच आळंदी गाठली. वारीच्या रजेला नाही म्हणायची छाती पुण्यात कुणाची? आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर; दिवेघाटात असताना फोन लागला, तर पलीकडून फक्त टाळ ऐकू आले.

आता प्रश्न मसाल्याचा. वस्ताद दर गुरुवारी दार लावून धणे, तीळ, खोबरं, दगडफूल भाजायचे आणि शेवटी खिशातली एक पुडी काढायचे, एवढं फटीतून मला दिसलेलं. ती पुडी म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण, असं मी सोळा वर्षं मानत आलो होतो. मी हताश होऊन हे बोललो तेव्हा मावशी मोरीतून म्हणाल्या, "आवो, ती पुडी तंबाखूची. मसाल्यात न्हाई, त्वांडात जाती." दाराच्या बाहेरच्या अंगाला आमचा चौदा आकडी अन्नपरवाना टांगलेला आहे.

त्या दिवशी मसाला मावशींनी भाजला. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? म्हणाल्या, "ताटं म्याच धुते की. रस्सा उरला तर मीठ जास्त. मटकी उरली तर कच्ची. कांदा उरला तर गिऱ्हाईक हापिसला चाललंय." मी गल्ल्यावरून सोळा वर्षं फक्त ताटं जाताना बघितली होती. येणारी ताटं मोरीकडं वळतात, माझ्याकडं नाही. पुढचे दोन आठवडे मी हाताशी उभा राहिलो. कांदा चिरला, मटकी भिजवून फडक्यात बांधली. पावसाळी गारठ्यात मोड यायला एक दिवस जास्त लागतो, हे मला पन्नाशीत कळलं. आषाढीला मिसळ बंद, साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा मी भिजवला. एवढ्या पाण्यात भिजवला की त्यानं भिंतीला पोस्टरं चिकटली असती.

एकादशीनंतर पाचव्या दिवशी वस्ताद आले. कपाळाला बुक्का, हातात चुरमुऱ्यांचा प्रसाद. आधी भिंतीकडं बघितलं. दुसरा खिळा रिकामा होता. मग रस्सा चाखला. मावशी जोरजोरात पातेलं घासू लागल्या.

"दगडफूल जास्त झालंय," वस्ताद म्हणाले आणि दुसरा पाव बुडवला.

खाऊन झाल्यावर पिशवीतून विठ्ठल-रखुमाईची तसबीर काढली आणि त्या खिळ्यावर टांगली. "हारवाल्याला आता घोळ घालू द्या," म्हणाले. मग गल्ल्याशी येऊन घुटमळले. "मालक, वारीत सगळं संपलं बघा. दोन हजार..."

मी जाड वही काढली. मोरीतून आवाज आला, "माझं तीन ल्ह्या. रस्सा माझा व्हता."