राज्यशास्त्र म्हणजे नुसत्या बातम्या नव्हेत

‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध घेतले की बातम्या बघायच्या आणि परीक्षेत मतं ठोकून द्यायची’, असा संदेश फिरतोय. तसं नाही. बातम्या वाचाव्या लागतातच, पण नुसत्या मताला गुण मिळत नाहीत. नकाराधिकाराचंच (व्हेटो, म्हणजे एकाच स्थायी सदस्याने ठराव अडवण्याचा हक्क) घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 27 सांगतं, सुरक्षा परिषदेच्या महत्त्वाच्या ठरावाला स्थायी सदस्यांचा होकार हवा. मग जून 1950 मध्ये कोरियाबाबतचा ठराव मंजूर कसा झाला? स्थायी सदस्य असलेल्या सोव्हिएत संघाचा प्रतिनिधी बहिष्कार टाकून बाहेर होता. आता गैरहजेरी म्हणजे नकार धरायचा का? यावर वर्गात अख्खा तास वाद रंगतो, आणि निबंधात आधार दिल्याशिवाय सुटका नाही. बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्रही असतं (तिथे भलेभले गारठतात). आणि हो, पदवी घेतली म्हणून कुणी आपोआप राजदूत होत नाही.