"जीएनएम करा, 6 महिन्यांत जर्मनी गाठा" : त्या फॉरवर्डला एका सिस्टरचं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला, मग तोच बॅचच्या ग्रुपवर, मग गावाकडच्या ग्रुपवर, आणि काल तर आईनेच मला पाठवला, "हे बघ तुमच्या नर्स लोकांचं आलंय" म्हणून. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 12वी कुठल्याही शाखेतून पास असाल तर नर्सिंग करा, जीएनएम (3 वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) पुरे, बीएस्सी (4 वर्षांची डिग्री) म्हणजे एक वर्ष आणि पैसा वाया. स्पेशालिटीच्या भानगडीत पडू नका, परदेशात नर्स ती नर्स. 6 महिने जर्मन शिका की जर्मनी, महिना 3 लाख, एजंटची फी 4 लाख ती दीड महिन्यात वसूल, भारतात नर्सला भविष्य नाही. खाली मोबाईल नंबर आणि विमानाची चार चित्रं.

आता मी स्वतः लातूरकडची, जीएनएम केलेली, पुण्यात आयसीयूत सहा-साडेसहा वर्षं काढलेली आणि सध्या स्टुटगार्टजवळ एका हॉस्पिटलात कामाला, म्हणजे त्या मेसेजच्या हिशोबाने चालती-बोलती जाहिरात. पूर्ण खोटं असतं तर डिलीट करून मोकळी झाले असते, पण ते अर्धं खरंय आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच पोरी आणि त्यांचे आईबाप फसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"जीएनएम पुरे, बीएस्सी वाया."

जर्मनीपुरतं बोलायचं तर पहिला अर्धा भाग बरोबर आहे, जीएनएमवर येता येतं, मीच आलेय. पण 12वी आर्ट्स किंवा कॉमर्स चालतं ते जीएनएमला, इंग्रजी घेऊन 40 टक्के पाहिजेत. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, आणि आपल्याकडे त्याची वेगळी सीईटी असते. म्हणजे आर्ट्सवाल्या पोरीपुढे जीएनएम की बीएस्सी हा प्रश्नच नाही, तो सायन्सवालीपुढे आहे, आणि तिला "वाया" सांगणं म्हणजे पायावर धोंडा. एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा घ्या. बीएस्सीवाली पास होऊन रजिस्ट्रेशन झालं की थेट बसते, जीएनएमवालीला आधी किमान 50 बेडच्या हॉस्पिटलचा 2 वर्षांचा अनुभव लागतो. उद्या वाटलं की शिकवायला जावं, एमएस्सी करावं, तर जीएनएमवालीने आधी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं, म्हणजे 3 अधिक 2 झाले 5, आणि बीएस्सी होती 4 ची. वाचवलेलं वर्ष गेलं कुठं मग? (माझ्या वेळी तर जीएनएमच साडेतीन वर्षांचं होतं, आता 3 चं झालंय.)

घरची परिस्थिती नसेल, सरकारी कॉलेजात जीएनएमला नंबर लागत असेल तर डोळे झाकून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही. फक्त एएनएम (2 वर्षांचा, त्याखालचा कोर्स) म्हणजे जीएनएम नव्हे हे आईबापांना नीट सांगा. आणि तालुक्याच्या ठिकाणी "नर्सिंग असिस्टंट", "पेशंट केअर" असल्या नावाने एका वर्षाचे कोर्स चालतात त्यांच्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नर्स म्हणून नोंदणीच होत नाही. कॅप, ड्रेस, फोटो सगळं तेच असतं, नोंदणी नसते. अ‍ॅडमिशनच्या आधी कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

"6 महिन्यांत जर्मनी."

हे वाचून मी खरंच हसले. नर्स म्हणून पूर्ण नोंदणी व्हायला इथं साधारणपणे बी2, म्हणजे जर्मन भाषेची चौथी पातळी, लागतं, पहिल्या ए1 पासून तिथवर नुसते शिकवण्याचे तास 600 च्या वर जातात, घरचा अभ्यास वेगळा. मी जानेवारी 2021 ला सुरू केलं, रात्री 9 ची ऑनलाइन बॅच, नाईट असेल त्या आठवड्यात क्लास बुडायचा, मग रेकॉर्डिंग बघत पहाटे मॉनिटरच्या आवाजात डेअर-डी-दास (जर्मन शब्दांची लिंगं) पाठ करायचं. बी2 ला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, मी ऐकण्यात एकदा उडाले. सप्टेंबर 2022 उजाडला. ड्युटी सोडून पूर्णवेळ शिकणाऱ्या पोरी दहा-बारा महिन्यांत काढतात, पण त्यांच्या घरी कोणीतरी कमावतं असतं.

मग कागदं. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास किती, वॉर्डचे किती, हे कॉलेजने लिहून द्यायचं. आमच्या कॉलेजचे क्लार्क काका म्हणाले असलं कधी कुणी मागितलं नाही, तीन चकरा झाल्या. ते सगळं भाषांतर करून इथल्या ऑफिसला पाठवायचं, मग ते बघतात जर्मन ट्रेनिंगशी किती जुळतं, आणि तुमचं काय कमी पडतं त्याचं पत्र येतं. बीएस्सीवालीलाही येतं, घाबरायचं नाही. त्यानंतर एकतर काही महिने हॉस्पिटलात देखरेखीखाली काम करायचं नाहीतर परीक्षा द्यायची, ज्यात तोंडी असते आणि खऱ्या वॉर्डात खऱ्या पेशंटवर काम करून दाखवायचं असतं. ते होईस्तोवर तुम्ही इथं नर्स नसता, हेल्पर असता, पगारही हेल्परचा. मी जून 2023 ला आले आणि पूर्ण नर्स झाले मार्च 2024 ला. पहिल्या जर्मन क्लासपासून मोजा, तीन वर्षं उलटून गेली.

आणि बी2 झालं म्हणजे भाषा आली असंही नाही बरं का. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी 84 वर्षांच्या एका आजींनी नाश्त्याला काहीतरी मागितलं, मला ऐकू आलं "झाल्ट्स", म्हणजे मीठ, म्हटलं ब्रेडवर मीठ खात असतील, प्रत्येकाची आवड. मिठाची पुडी नेऊन दिली. आजी पुडीकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत, परत म्हणाल्या "ग्झेल्ट्स", मी दुसरी पुडी आणली. शेवटी शेजारच्या बेडवरच्या बाईंनी जॅमची डबी उचलून दाखवली. इकडच्या श्वेबिश बोलीत जॅमला ग्झेल्ट्स म्हणतात, बी2 च्या पुस्तकात हे कुठंही नाही. लातूरची पोरगी मालवणात ड्युटीला लागली तर जे होईल तेच.

"परदेशात नर्स ती नर्स, स्पेशालिटी नको."

सगळ्यात घातक ओळ ही आहे. पास होऊन लागलेल्या पोरीला पहिलं वर्ष कधी मेडिकल वॉर्ड, कधी डिलक्स, कधी कॅज्युअल्टी, जिथं माणूस कमी तिथं ढकलतात, ते ठीकय, हात बसतो. पण दुसऱ्या वर्षापासून इन्चार्ज सिस्टरांच्या मागे लागून एक जागा धरा, आयसीयू, ओटी, डायलिसिस, एनआयसीयू, कॅथलॅब, जे आवडेल ते, आणि तिथं सलग 2 वर्षं काढा. 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी वगैरेचा, जमला तर तोही करा. गल्फचं बघितलंत तर तिथं जागा निघते तीच "डायलिसिस स्टाफ, 2 वर्षं अनुभव" अशी, नुसतं "नर्स" फारसं कोणी विचारत नाही.

एक्सपीरियन्स लेटरवर विभागाचं नाव, बेड किती, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं पाहिजे. आमच्याकडे सरसकट "वर्क्ड अ‍ॅज स्टाफ नर्स, कंडक्ट गुड" लिहून देतात, त्याचा काही उपयोग नाही. आणि खोटं लेटर तर अजिबात जोडू नका, गल्फसाठी डेटाफ्लो म्हणून तपासणी असते, ते थेट हॉस्पिटलला विचारतात, खोटं निघालं तर तो शिक्का पुसत नाही.

जर्मनीची गंमत मात्र उलटी आहे, ती मेसेजवाला कधीच सांगणार नाही. पुण्यात मी व्हेंटिलेटरचे पेशंट बघायचे, अवघड व्हेन असली की ज्युनियर डॉक्टर मला हाक मारायचे. इथं माझ्या वॉर्डात कॅन्युला (सलाईनसाठी शिरेतली नळी) लावणं, रक्त काढणं डॉक्टरचं काम, आणि अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, तोंड धुऊन देणं हे नर्सचं. आपल्याकडे ते मावशी-मामा करतात किंवा नातेवाईक करतात, आपण चार्ट आणि इंजेक्शन बघतो. माझ्याबरोबर आलेली एक जण पहिल्या महिन्यात रोज रडायची, "यासाठी शिकलो का आपण". कमीपणा नाहीये त्यात, जर्मन नर्सही तेच करते आणि अंग पुसताना बेडसोअर आधी तिलाच दिसतो, पण आपल्याला कोणी आधी सांगतच नाही ना.

"महिना 3 लाख."

पूर्ण नर्स झाल्यावर 3,000 युरो किंवा थोडे जास्त, युरो शंभरीच्या आसपास, म्हणजे 3 लाख झाले, गणित बरोबर. पण तो कापण्याआधीचा आकडा. टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, बेरोजगारीचा विमा जाऊन एकट्या बाईच्या हातात 2,100 च्या आसपास पडतात. माझं खोलीचं भाडं 650, ट्रेन-बसचा पास 63, खाणं-पिणं 250-300, फोन, कपडे, वर घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी 18.36. दर वर्षी घरी यायचं तिकीट धरलं की महिन्याला 65-70 हजार खरोखर सुटतात. चांगलेच आहेत, तक्रार नाही. पण मग 4 लाख वसूल व्हायला दीड महिना नाही, सहा महिने लागतील, तेही घरी एक रुपया न पाठवता, आणि हेल्परच्या पगाराचे महिने वेगळे.

"एजंटची फी 4 लाख."

नीट वाचा. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच सर्व्हिस फी घेता येते. एजंटची नोंदणी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साईटवर बघता येते. जर्मनीत तर नर्सची एवढी टंचाई आहे की चांगली हॉस्पिटलं खर्च स्वतः करतात, केरळच्या पोरी तिथल्या सरकारच्या नॉर्का रूट्स संस्थेमार्फत जर्मनीच्या ट्रिपल विन या नर्स-भरती योजनेतून येतात, त्यांना एजंटला एक पैसा द्यावा लागत नाही. आपल्या राज्याने पण फेब्रुवारी 2024 मध्ये इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्याचं काय चाललंय ते आधी विचारा, विमानाच्या चित्रवाल्याला नंतर.

इंग्लंडचं पण सांगून ठेवते, तिथं "केअर वर्कर" व्हिसाला नर्सची नोकरी म्हणून विकलं गेलं, लोकांनी जमिनी विकून पैसे भरले. ती नर्सची नोकरी नव्हतीच, आणि जुलै 2025 पासून बाहेरून नव्या भरतीला तो रस्ता बंदच झाला. खऱ्या नर्सला तिथं इंग्रजीची परीक्षा, मग एक कॉम्प्युटरवरची आणि एक प्रॅक्टिकल द्यावी लागते. अमेरिकेचं एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास होणाऱ्या खूप आहेत, पण 2025 संपताना ग्रीन कार्डच्या त्या रांगेत भारताचे 2013 सालचे अर्ज हलत होते, एवढंच सांगते.

"भारतात भविष्य नाही."

इथं माझीही जीभ अडखळते. पुण्यात माझा सुरुवातीचा पगार 14,000 होता, ओरिजिनल सर्टिफिकेटं हॉस्पिटलने ठेवून घेतलेली, सोडताना ती मिळवायला दोन महिने लागले. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलंय की छोट्यात छोट्या खाजगी हॉस्पिटलनेही नर्सला 20,000 च्या खाली देऊ नये आणि 200 बेडच्या वर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. केरळने 2018 ला किमान वेतन ठरवून टाकलं. आपल्याकडे अजून पोरी 12-15 हजारांवर नाईट करतायत. हा राग खरा आहे आणि मेसेजवाला त्याच रागावर धंदा करतोय.

पण सरकारी नोकरी लागली तर चित्र वेगळं. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतनच 44,900 पासून सुरू होतं, वर भत्ते, आणि एम्स आपल्या नागपुरातच आहे. माझी एक बॅचमेट जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, घर बांधलं, मुलगी शाळेत घातली, संध्याकाळी आईच्या हातचं जेवते. मी व्हिडिओ कॉलवर बघते ते. पुरुष नर्ससाठी मात्र तिकडे जागा कमी, एम्समध्ये 80 टक्के बायकांसाठी राखीव, त्यामुळे ब्रदर लोकांनी बाहेरचा विचार जरा आधीपासून करावा.

मेसेज ज्यांच्यासाठी फिरतोय तसली एक पोरगी आमच्याच घरात आहे, मावशीची धाकटी, 12वी आर्ट्स. काल तासभर फोन झाला. जीएनएमचा फॉर्म सरकारी कॉलेजला भरतेय, जर्मनचं तिसऱ्या वर्षात बघू म्हणाली. मावशीला 4 लाखांसाठी सोनं मोडायचं होतं, ते राहिलं.

मामांना ग्रुपवरच विचारलंय, त्या नंबरवाल्याचा ई-मायग्रेटचा रजिस्ट्रेशन नंबर काय आहे. परवा रात्रीच निळ्या टिका आल्यात. अजून टायपिंग दिसत नाहीये.