वेल कोणती, ते आधी सांगा

गुळवेलीचा विषय निघाला की गावाकडच्या व्हॉट्सॲप गटांत अजूनही दोन तट पडतात. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालय म्हणालं, वेल दुसरीच असेल. तेव्हापासून एकाला आजीबाईचा बटवा वाचवायचा आहे, दुसऱ्याला तो जाळायचा आहे.

इथे बेल्जियममध्ये हा धडा फार महागात शिकून झालाय. ब्रसेल्समध्ये 1990 च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत 'हान फांग-ची' या चिनी मुळीऐवजी 'ग्वांग फांग-ची' गेली. नावं जुळी, झाडं वेगळी. शंभराहून जास्त जणांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं बिघडली. ही दुसरी मुळी आपल्या ईश्वरीच्या, म्हणजे सापसंदाच्या कुळातली. ईश्वरी आपल्याकडे अजून साप चावल्यावर उगाळून देतात. ते थांबायलाच हवं; तिथे प्रतिसर्प लसच लागते.

पण चूक वैदूच्याच गळ्यात मारणं बरोबर नाही. जाणता वैदू वेल हातात घेऊन बघतो. कांडावर ठळक गाठी-फोड आणि कापल्यावर दुधाळ चीक असेल, तर ती गुळवेल नव्हे, तिची भावकी. पानाखाली मऊ लव असेल तर तीही नको. कडू इंद्रजव हवे असतील तर एक दाणा चावून बघतो, कारण काळ्या कुड्याचे गोडे इंद्रजव दिसायला तसेच. बरं, वेल खरी असली तरी सगळं निभावतं असं नाही. औषध सहसा तीन, पाच, सात दिवसांचं असतं; करोनाकाळात लोकांनी काढा महिनोन्महिने प्यायला. ज्यांचं शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं, त्यांना खरी गुळवेलही बाधू शकते, असंच त्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. बाजारातल्या चूर्णाच्या डब्यावर हे कोण सांगणार? चूर्ण झालं की ओळखायला पान नाही, गाठ नाही.

पारंपरिक वनौषधींच्या नोंदणीचा युरोपचा 2004 चा नियमही डोळे झाकून उचलावा असा नाही. औषध 30 वर्षं वापरात हवं, त्यातली 15 युरोपीय संघात. जव्हारच्या भगताने ती कुठून आणायची?

आपल्याकडे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही आहे, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांची पारंपरिक माहिती लिहून ठेवायची वही; ती नीट भरली तरी पुष्कळ. गावातलं नाव, झाडाचा कुठला भाग, कुठल्या महिन्यात काढला, किती दिवस, कोणाला द्यायचा नाही. आणि सोबत वाळवलेला नमुना, पान आणि फुलासकट. नुसती कांडी चिकटवली तर उद्या पुन्हा हाच वाद.