"फक्त ॲव्हरेज बघा" म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला चार ठिकाणांहून आला, शेवटचा तर आमच्या भाऊजींकडून, घरच्या ग्रुपवर. "मध्यमवर्गीयांनो डोळे उघडा!!" अशी सुरुवात आहे आणि सार एवढंच की दहा लाखांच्या आत फॅमिली कार घ्यायची तर फक्त ॲव्हरेज बघा, सीएनजी डोळे झाकून घ्या (आधी उघडा, मग झाका, असो), बेस मॉडेल उचला, एअरबॅग आणि धडक-चाचणीतले सुरक्षेचे स्टार हा नुसता शो आहे, पत्रा जाड हवा, ईएमआय परवडला की गाडी परवडली, डिसेंबरात घ्या, आणि शोरूमवाल्याशी घासाघीस फक्त ॲक्सेसरीजवर होते. खाली गाड्यांच्या किमतींचा तक्ता.

आम्हीपण याच बजेटात गाडी बघत होतो, दोन महिने शोरूमच्या पायऱ्या झिजवल्यात, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितेय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी तो तक्ता. त्यात "२८ टक्के जीएसटी धरून" असं लिहिलंय. अहो, २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना (डिझेलला १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के लागतो. आधी २८ आणि वर सेस होता. म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ शिळी आहे आणि लोक त्यावरून बजेट ठरवतायत.

आता ॲव्हरेज. आमच्या जुन्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही असते, पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे, ही सवय सासऱ्यांची, ते गेल्यावर मी चालू ठेवली. मागच्या वर्षभराची बेरीज केली तर गाडी चालली ६,३४० किलोमीटर. मलाच खरं वाटेना, परत मोजलं. त्यात गणपतीला कोकण, दिवाळीत कोल्हापूर आणि एक लग्न धरून. बाकी भाजी, दवाखाना, मुलाचा क्लास, आणि उरलेला वेळ गाडी चिंचवडच्या पार्किंगमध्ये उभी, वर बोगनवेलीची पानं.

आता मेसेजवाला म्हणतो लिटरला २४ किलोमीटर देणारी गाडी घ्या, २० ची घेऊ नका. ते आकडे कंपनीचे, गाडी रोलरवर चढवून एसी बंद ठेवून काढलेले. आपल्या ट्रॅफिकमध्ये २४ चे १८ होतात आणि २० चे १५ धरा. ६,३४० किलोमीटरला एकीला ३५२ लिटर, दुसरीला ४२३. फरक ७१ लिटर, १०४ च्या भावाने वर्षाचे ७,४०० रुपये, महिन्याला सहाशेच्या आसपास. बरोबर, सहाशे पण पैसेच आहेत. पण त्या सहाशेसाठी आठ लाखांचा निर्णय करायचा का? कारण गाडीत सगळ्यात जास्त पैसे पेट्रोलमध्ये जातच नाहीत आमच्यासारख्यांचे, ते जातात गाडीची किंमत दरवर्षी उतरते त्यात, लोनच्या व्याजात आणि इन्शुरन्समध्ये, फक्त पंपावर पाकिटातून नोटा जाताना दिसतात म्हणून ते टोचतं.

सीएनजीचंही तेच, पण इथे मला भाऊजींची बाजू घ्यावी लागेल. ते रोज चाकण एमआयडीसीत जातात, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, महिन्याला १,५०० होतात. त्यांचं गणित मी त्यांच्याच समोर बसून केलं, पेट्रोल १८ चं ॲव्हरेज, सीएनजी किलोला २६, भाव १०४ आणि ९२. वर्षाला पेट्रोलचे १ लाख ४ हजार, सीएनजीचे ६४ हजाराच्या आत. चाळीस हजार वाचले. सीएनजी मॉडेलला वरचे ९०-९५ हजार मोजावे लागतात ते सव्वादोन वर्षांत वसूल. त्यांनी सीएनजीच घ्यावी, दुसरं काही घेतलं तर मी भांडेन. आमचं तेच गणित? वर्षाला १४ हजार वाचतात. वसूल व्हायला साडेसहा वर्षं. तोपर्यंत गाडी विकायचे विचार सुरू झालेले असतात.

शिवाय सीएनजीचे काही खर्च आणि त्रास त्या मेसेजमध्ये नाहीतच. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) दर ३ वर्षांनी करावी लागते. महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी आहे हे खरं, पण तोही २०२५ मध्ये १ टक्क्याने वाढवला. आणि पंपावरची रांग, ती ज्याने सुट्टीच्या आदल्या रात्री हायवेवर लावलीय त्याला सांगायला नको.

पण आमच्यासाठी खरा मुद्दा डिकीचा होता. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचा वॉकर आणि लांब जायचं तर घडीची व्हीलचेअर बरोबर लागते. मी व्हीलचेअर जुन्या गाडीत घालून शोरूमला नेली. सेल्समनला वाटलं कोणी पेशंट आहे, तो रॅम्प शोधायला पळाला. म्हटलं पेशंट घरी आहे, तुम्ही फक्त ती सीएनजीची डिकी उघडा. ६० लिटरची टाकी आडवी, तिच्यापुढे उरलेल्या जागेत छत्री आणि चपला बसतील, व्हीलचेअर उभी नाही, आडवी नाही, तिरकी घातली तर दरवाजा लागेना. सेल्समन म्हणाला मॅडम कॅरियर लावून घ्या वरती. म्हणजे पावसाळ्यात व्हीलचेअर टपावर! टाटाने २०२३ पासून दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी टाकायची पद्धत आणली, नंतर ह्युंदाईनेही, त्यात सपाट जागा बऱ्यापैकी उरते, पण तिथेही सामान स्वतः घालून बघा, ब्रोशरमधले लिटर बघू नका.

आणि सीटची उंची. ही गोष्ट कोणत्याच तक्त्यात नसते. सासूबाईंना आम्ही पाच गाड्यांत बसवून बघितलं. ज्या गाडीत खाली "बसावं" लागतं आणि उतरताना हात धरून ओढावं लागतं ती त्यांनी मिनिटात बाद केली, "ही नको गं, ही विहीर आहे". उंच छपराच्या गाडीत मात्र नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. आमच्या अर्ध्या यादीवर तिथेच काट मारली.

पत्रा जाड हवा, एअरबॅग शो. इथे मला राग येतो, कारण यात माणूस मरू शकतो. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपायलाच हवा, तो चेपताना धक्का खातो, माणसं बसतात तो सांगाडा मात्र चेपता कामा नये. बोट दाबून पत्रा बघणारे जे बघतात तो बाहेरचा झगा आहे, हाडं आत असतात. "आपल्याकडे कुठे एवढा स्पीड असतो" असंही लिहिलंय. अहो गाड्या मुद्दाम धडकवून स्टार देणाऱ्या ज्या चाचण्या आहेत, ग्लोबल एनकॅप आणि आपली भारत एनकॅप (१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे), त्यांची समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला होते. चौसष्ट! एक्स्प्रेसवे सोडा, नाशिक फाट्याच्या पुढे रात्री रिक्षा त्या स्पीडने जाते.

आणि स्टार कंपनीला नसतात, मॉडेलला असतात. मारुतीचंच बघा, ग्लोबल एनकॅपमध्ये २०२३ ला वॅगन आरला १ स्टार मिळाला, २०२४ ला नवीन डिझायरला ५. टाटाच्या नेक्सॉनने २०१८ मध्येच ५ आणले होते. त्यामुळे "अमुक कंपनी म्हणजे डबा, तमुक म्हणजे रणगाडा" हे दोन्हीकडच्या भक्तांनी बंद करावं. वॅगन आरमध्ये आता ६ एअरबॅग आल्यात, चांगलंच आहे, पण त्या टेस्टमध्ये सांगाडाच अस्थिर ठरला होता आणि नुसत्या पिशव्या वाढवून सांगाडा बदलत नाही, नवीन टेस्ट झाली की बघायचं. मला वाईट वाटलं, कारण चढाउतरायला सासूबाईंना तीच सगळ्यात सोपी.

आणि जाड पत्र्याची, महागातली गाडी असून मागे बेल्ट नसेल तर काय होतं ते ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सगळ्या देशाने बघितलं, टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते, त्यात गेले. आमच्याकडे अजून मागे बसलेले पाहुणे म्हणतात "मागच्यांना कशाला बेल्ट".

बेस मॉडेल. यात मेसेज अर्धा बरोबर आहे, मान्य. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय), पुढे दोन एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर हे कायद्यानेच सगळ्या मॉडेलमध्ये आलंय, त्यामुळे बेस पूर्वीइतकं नागडं राहिलं नाही. टॉप मॉडेलचं सनरूफ आमच्या उन्हात कोण उघडतं ते मला कळलेलं नाही. पण "बाकी सगळं बाहेरून बसवून घ्या" हे नको. स्टिरिओसाठी वायरिंग कापलं की पुढे काहीही इलेक्ट्रिकल बिघडलं तरी वॉरंटीवाले तिकडेच बोट दाखवतात. आणि मागचा वायपर बाहेरून कोण बसवून देतं? हॅचबॅकची मागची काच पावसात पाच मिनिटांत चिखलाने भरते, ताम्हिणी घाट उतरताना एकदा कळतं. आम्ही बेसच्या एक पायरी वरचं घेतलं, फक्त वायपर आणि उंची कमीजास्त होणारी ड्रायव्हर सीट यासाठी, कारण नवरा सहा फूट आणि मी पाच फूट एक.

ईएमआय परवडला की गाडी परवडली. हे वाक्य नक्की कोणीतरी लोन विकणाऱ्याने लिहिलंय. ८ लाखांचं लोन ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,८७१, छान वाटतो. ५ वर्षांचा १६,६०७, पोटात गोळा येतो. पण सात वर्षांत व्याज जातं २ लाख ८१ हजार आणि पाच वर्षांत १ लाख ९६ हजार. म्हणजे पाऊण लाखाच्या वर जास्त, हप्ता हलका वाटावा म्हणून. मेसेजवाला एकीकडे महिन्याच्या सहाशेसाठी डोळे उघडा म्हणतो आणि इकडे ८५ हजार सोडून देतो. परत हप्ता म्हणजे सगळं नाही, ८ लाख एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे ८८ हजार, वर इन्शुरन्स. त्यातला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) ३ वर्षांचा एकदम भरावा लागतो, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर जीएसटी. आमचा पहिला अंदाज इथेच लाखभराने चुकला होता.

डिसेंबर. डिस्काउंट मिळतो, खोटं नाही. फक्त जानेवारी उजाडला की ती "मागच्या वर्षीची" होते आणि तीन-चार वर्षांत विकणार असाल तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न मॉडेल कुठल्या सालचं हाच विचारतं. दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या.

राहिलं शेवटचं, घासाघीस फक्त ॲक्सेसरीजवर. आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती, "हँडलिंग चार्जेस ११,५००". विचारलं हे कशाचे? गाडी गोडाऊनमधून आणायचे, मॅडम. म्हटलं मग गोडाऊनमधून आणायचे ११,५०० असं लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या, मी चेक देते. तो आत मॅनेजरकडे गेला. वीस मिनिटं बसलो, चहा आला, मग दुसरा चहा आला. इन्शुरन्स आम्ही बाहेरून घेणार हेही तेवढ्यात सांगून टाकलं, तो कुठूनही घ्यायची मुभा असते, त्यावर त्यांचाच इन्शुरन्स सात हजारांनी खाली आला. हँडलिंगची ओळ गेली. "मॅडम त्याऐवजी ॲक्सेसरीज किट घ्या ना, ॲडजस्ट करतो", किट १४ हजारांचं, त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि एक गणपती. मॅट आम्ही बाहेरून १,८०० ला घेतले. गणपती जुन्या गाडीतलाच काढून लावलाय.