पाळी गेली म्हणून हृदय ‘ढिले’ पडत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका लांबलचक मजकुराचा गाभा असा: पुरुषाचे हृदय टेस्टोस्टेरॉनमुळे जास्त जोराने आकुंचन पावते, बाईच्या हृदयाला इस्ट्रोजेनचे कवच असते, पाळी गेली की कवच जाते आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो, म्हणून चाळिशीनंतर बायकांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि पुरुषांनी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घ्यावीत. यात खऱ्याचा अंश आहे, आणि तोच घोटाळ्याचे मूळ आहे.

‘पुरुषाचे हृदय जास्त जोराने आकुंचन पावते’

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट पाहा. डाव्या खालच्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेले, हा आकडा म्हणजे ईएफ, इजेक्शन फ्रॅक्शन. २०१५ च्या अमेरिकी-युरोपीय तक्त्यानुसार त्याची सामान्य मर्यादा पुरुषांत ५२ ते ७२, स्त्रियांत ५४ ते ७४. म्हणजे बाईचे हृदय उलट कणभर जास्तच पिळले जाते. पुरुषाचा कप्पा मात्र मोठा: पूर्ण भरल्यावर ६२ ते १५० मिलि, स्त्रीचा ४६ ते १०६. हंडा मोठा असला की पाणी जास्त मावते, त्यात मनगटाचा जोर दिसत नाही. रिपोर्टमध्ये ५३ आले, तर ते पुरुषाला सामान्य आणि बाईला किंचित कमी, हे लक्षात ठेवायला हवे.

मग टेस्टोस्टेरॉनची गोष्ट आली कुठून? प्रयोगशाळेतून, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. विजेची लहर हृदयपेशीवर आली की पडद्यातल्या एल-टाइप वाहिन्यांतून थोडे कॅल्शियम आत शिरते. तेवढ्याने पेशीतल्या साठ्याची रायनोडिन दारे उघडतात आणि भरपूर कॅल्शियम बाहेर पडते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटले की ॲक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांवर सरकतात, हे आकुंचन. मग ‘सर्का’ नावाचा पंप कॅल्शियम परत साठ्यात ओढतो, उरलेले पेशीबाहेर जाते आणि स्नायू सैल होतो. या साखळीत हार्मोन कुठेच कडी म्हणून येत नाही. ते पेशीतल्या ग्राहीला चिकटून जनुकांमार्फत वाहिन्या, पंप आणि दारे किती बनायची हे ठरवते, आणि या कामाला तास-दिवस लागतात.

नर उंदरांचे वृषण काढले की आकुंचन आणि सैल होणे दोन्ही मंदावतात. टेस्टोस्टेरॉन दिले की बरेचसे परत येते. मजकुराने एवढेच उचलले. पण उंदराच्या हृदयात वेगवान ‘अल्फा’ मायोसिन असते, माणसाच्या खालच्या कप्प्यांत जवळजवळ सगळे संथ ‘बीटा’. उंदराचा सर्का पंप सुमारे ९२ टक्के कॅल्शियम परत ओढतो, माणसाचा साधारण ७० टक्के. मिनिटाला तीनशेच्या वर ठोके देणाऱ्या यंत्राचे निष्कर्ष आपल्या सत्तर ठोक्यांवर जसेच्या तसे बसवता येत नाहीत.

‘इस्ट्रोजेन गेले की स्नायू ढिला पडतो’

इथे प्रयोग चक्क उलटे बोलतात. मादी उंदरांचे बीजांडकोश काढल्यावर अनेक प्रयोगांत एल-टाइप वाहिन्या वाढल्या, दर ठोक्याला सुटणारे कॅल्शियम वाढले, धागेही कॅल्शियमला जास्त संवेदनशील झाले. इस्ट्रोजेन परत दिल्यावर हे बदल ओसरले. म्हणजे इस्ट्रोजेन या जागी पेडलपेक्षा ब्रेकसारखे वागते. ब्रेक निघाला की पेशीत कॅल्शियम तुंबते, लय बिघडायला वाव मिळतो आणि स्नायू पुरेसा सैल होत नाही. अडचण ढिलेपणाची नसून ताठरपणाची आहे.

काही प्रयोगांत इस्ट्रोजेनचा थेंब पडताच आकुंचन कमी झाले, हेही खरे. पण तिथली मात्रा मायक्रोमोलरमध्ये होती (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर). पाळीच्या मध्यावरचे ४०० पिकोग्रॅम प्रति मिलि म्हणजे जेमतेम दीड नॅनोमोलर, शेकडो ते हजारो पटींनी कमी.

दवाखान्यातही हाच ताठरपणा दिसतो. उतारवयातल्या स्त्रियांमध्ये जास्त आढळणाऱ्या एका प्रकारच्या हार्ट फेल्युअरमध्ये ईएफ ५० किंवा त्याहून वर असतो. कप्पा पिळतो नीट, भरताना आखडतो. मग दोन जिने चढल्यावर धाप लागते, पाय सुजतात आणि घरात ‘ईएफ साठ आहे, हृदय ठणठणीत’ असा दिलासा मिळतो. अशा वेळी रिपोर्टची पुढची ओळ वाचायची: ई (भरताना आत शिरणाऱ्या रक्ताचा वेग) आणि ई-प्राइम (त्या वेळी स्नायू सरकण्याचा वेग) यांचे गुणोत्तर १४ च्या वर आहे का, डावा वरचा कप्पा शरीराच्या दर चौरस मीटरला ३४ मिलिपेक्षा मोठा आहे का. आणि सगळा दोष पाळीच्या माथी मारायचा नाही. रक्तदाब, मधुमेह, वजन आणि वय यांचा वाटा मोठा आहे, आणि पहिल्या तिघांवर औषध-उपाय आहेत.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. टाकोत्सुबो या आजारात हृदयाचे टोक खरेच काही दिवस फुगून निकामी होते, आणि रुग्णांत सुमारे ९० टक्के स्त्रिया, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. पण तो मोठ्या धक्क्यानंतरच्या ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांच्या लोंढ्याशी जोडलेला झटका आहे. बहुतेकांचे आकुंचन काही आठवड्यांत पूर्ववत होते.

‘म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्या’

हा सल्ला तपासून झालेला आहे, आणि तोही तीनदा. पहिल्यांदा पुरुषांवर: १९६६ मध्ये सुरू झालेल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना इस्ट्रोजेन दिले. ५ मिलिग्रॅमचा गट १९७० मध्ये थांबवावा लागला, कारण झटके आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. अडीच मिलिग्रॅमचाही पुढे १९७३ मध्ये थांबवला. दुसऱ्यांदा १९९८ मध्ये ‘हर्स’: हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रिया, चार वर्षांत फायदा शून्य, पहिल्या वर्षी तर त्रास जास्त. तिसऱ्यांदा २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’: १६,६०८ स्त्रिया, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन) एकत्र. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ आणि पक्षाघाताच्या ८ घटना जास्त.

पाळी जाऊन थोडीच वर्षे झालेल्या स्त्रियांत चित्र इतके वाईट नाही. २०१६ च्या ‘एलिट’ अभ्यासात सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतल्या धमनीची भिंत कमी वेगाने जाड झाली. पण ती धमनीची भिंत. रक्तवाहिनी आणि हृदयाचा स्नायू यांची गल्लत हीच तर मूळ मजकुराची चूक.

अंगाची लाही, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांसाठी हार्मोन घेणे हा वेगळा आणि योग्य उपयोग आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरुवात, गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन, गुठळ्यांची भीती असेल तर गोळीऐवजी पॅच किंवा जेलचा विचार. अशा कारणासाठी चालू असलेली गोळी हा लेख वाचून बंद करू नये.

‘पुरुषांनी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घ्यावीत’

कमतरता असलेल्याला डॉक्टर आठवड्याला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम देतात. जिममध्ये स्नायू फुगवायला घेतला जाणारा स्टेरॉइडचा (टेस्टोस्टेरॉन आणि तशाच द्रव्यांचा) कोर्स, म्हणजे ‘सायकल’, ५०० च्या पुढे जाते. २०१७ मध्ये १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांच्या हृदयाची तपासणी प्रसिद्ध झाली: स्टेरॉइड न घेणाऱ्यांचा सरासरी ईएफ ६३, घेणाऱ्यांचा ५२, आणि तपासणीच्या वेळी घेत असलेल्यांचा ४९. सैल होण्याचा वेगही कमी. दंड फुगले, हृदय खंगले.

खरी कमतरता असेल तर? २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत ५,२०० हून जास्त पुरुषांमध्ये झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉनचे जेल लावणाऱ्यांत ७.० टक्के, औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत ७.३. म्हणजे वाढ नाही, संरक्षणही नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय, मात्र ३.५ विरुद्ध २.४ टक्के. आणि कमतरता एका दुपारच्या रिपोर्टवरून ठरत नाही. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी रक्त द्यावे लागते.

मजकुराने ज्याचा उल्लेखच केला नाही, तिथे हार्मोनचा फरक माणसांत सर्वांत स्पष्ट दिसतो: प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा ‘चार्ज’ व्हायला लागणारा वेळ, म्हणजे इसीजीवरचा क्यूटी. मुलगे वयात आले की तो घटतो, मुलींचा तसाच राहतो. म्हणून दुरुस्त (नाडीच्या वेगाचा हिशेब धरलेल्या) क्यूटीची मर्यादा पुरुषांना ४५०, स्त्रियांना ४६० मिलिसेकंद. हिशेब सोपा: क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांच्या वर्गमुळाने भागायचे. नाडी ७५, म्हणजे अंतर ०.८ सेकंद, वर्गमूळ ०.८९, क्यूटी ४०० असेल तर उत्तर सुमारे ४४७. औषधांमुळे क्यूटी लांबून येणाऱ्या जीवघेण्या लयबिघाडात स्त्रिया पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतात. अझिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), डोम्पेरिडॉन (उलटीवरचे), एसिटालोप्राम (नैराश्यावरचे) ही त्यातली रोजच्या ओळखीची नावे. यांपैकी दोन एकत्र चालू असतील, किंवा जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरले असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलून इसीजी काढून घ्यावा.