ड्राय डेला टेस्टिंगचे पैसे कशाबद्दल घेता?

द्राक्षांच्या मुलखात एकदा तरी जाऊन यावे, अशी हौस नागपूरकराला असण्यात काही गैर नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून ते पूर्वीइतके जिकिरीचेही राहिलेले नाही, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च याच काळात होत असल्यामुळे २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्ट्यांसारखा दुसरा मुहूर्त नाही. हे आम्हाला कळते तसे नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातल्या त्या वाइनरीलाही कळते. म्हणूनच तिने २६ तारखेचे बुकिंग कितीतरी आधीपासून उघडले होते, दर चढे ठेवले होते आणि ‘बागेची फेरी, कारखान्याचे दर्शन व वाइन टेस्टिंग’ असे त्या दराचे कारणही ठळक अक्षरांत दिले होते.

फाटकावर मनगटाला कागदी पट्टा बांधून झाल्यावर, म्हणजे आधी नव्हे तर झाल्यावरच, तिथल्या मुलाने सांगितले की आज ड्राय डे असल्यामुळे टेस्टिंग होणार नाही. वर्धा जिल्ह्याची दारूबंदी गाडीतून हसतखेळत ओलांडून आलेले आम्ही शेवटी वाइनच्या दारात येऊन कोरडे ठाक!

माझी तक्रार ड्राय डेबद्दल मुळीच नाही. प्रजासत्ताक दिनी दारूविक्री बंद असते, हे ‘तुम्हाला माहीत नव्हते का?’ असे मला विचारणारे पुष्कळ भेटले. पण परवाना माझ्या नावावर नाही, त्यांच्या नावावर आहे. त्या दिवशी एक पेला जरी विकला तरी उत्पादन शुल्क विभाग काय करील, हे त्यांना पक्के ठाऊक असते आणि त्या धास्तीने ते बाटलीला हातही लावत नाहीत. मग जी गोष्ट विकता येणार नाही हे वर्षभर आधी ठरलेले आहे, तिचे पैसे आगाऊ घेताना ही धास्ती कुठे जाते? बुकिंगमध्ये तो एक दिवस बंद ठेवायचा, किंवा टेस्टिंगची रक्कम वजा करून दर लावायचा, एवढेच काम होते. ते झाले नाही, कारण न होण्यात फायदा होता.

आत जे दाखवले त्याबद्दलही बोललेच पाहिजे. काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्यांवरून हात फिरवल्यासारखी माहिती, आणि बाग म्हणजे दोरीच्या अलीकडून दिसतील तेवढ्या वेली. आईने मोठ्या उत्सुकतेने विचारले, “बाबू, हे द्राक्ष कोणतं आहे? एखादा मणी चाखून पाहता येईल का?” त्यावर उत्तर आले, “अलाउड नाहीये, मॅडम. फोटो पॉइंट त्या बाजूला आहे.” वाइनचे द्राक्ष बाजारातल्या थॉमसनपेक्षा बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते, एवढे जरी त्या मुलाने सांगितले असते तरी तिचे समाधान झाले असते. आमच्याकडे काटोल-नरखेडच्या बागेत पाहुणा गेला, तर बोलणे सुरू होण्याआधी त्याच्या हातावर सोललेले संत्रे येते. (तिथे धड बसायला जागा नसते, हेही खरे.) सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणले, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वाइनचे असे सगळे लाड झाले, पण ती पाहायला लांबून येणाऱ्या माणसाला मणीभर द्राक्ष मिळू नये?

पैसे परत मागितले तेव्हा व्यवस्थापक म्हणवणाऱ्या गृहस्थांनी अत्यंत गोड आवाजात ‘रिफंडची पॉलिसी नाही, पण कूपन देतो’ असे सांगितले, जणू काही आम्ही नाशिकच्या गंगापूर रोडला राहतो आणि संध्याकाळी चक्कर मारायला पुन्हा येणार आहोत. आम्ही नागपूरहून आलो आहोत, हे गाडीच्या एमएच ४९ वरून दिसत होते, तोंडाने सांगितलेही होते. कूपन फक्त टेस्टिंगचे, दुसऱ्याला देता न येणारे, प्रवेश शुल्क वेगळे, शनिवार-रविवारी अमान्य. मुदत एप्रिलअखेर, तोवर तोडणी आटोपून खरड छाटणी झालेली असते आणि मांडवावर पाहण्यासारखे काहीही उरत नाही.