आबालाल कोल्हापुरातच का राहिले? एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

आबालाल रहिमान आणि कोल्हापूरची तळी यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. दोन ओळींत आभार मानून बाजूला ठेवावी अशी ती नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून, व्हाइसरॉयचे पदक मिळवून बाहेर पडलेला हा चित्रकार मुंबईत राहिला असता, तर धुरंधरांच्या तोडीचे नाव त्याच्या वाट्याला आले असते. कोल्हापूरने त्याला हलाखी दिली आणि अखेरीस स्वतःची चित्रे स्वतःच्या हाताने कोटितीर्थ तळ्यात बुडवण्याची वेळ त्याच्यावर आणली. असे असताना रंकाळ्याचे गोडवे गाणे म्हणजे वाया गेलेल्या प्रतिभेवर मुलामा चढवणे होय. शिवाय 'पुण्यात बसून कोल्हापूरच्या पाण्याबद्दल गहिवरणे सोपे आहे', असेही आपण लिहिले आहे.

मुंबईचा मुद्दा आधी घेते, कारण आपल्या युक्तिवादाचा सगळा भार त्याच्यावर आहे. आबालालांना पदक मिळाले ते १८८८ साली, आणि त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. म्हणजे ज्या सुमारास हा माणूस कोल्हापूरच्या वाटेला लागला, त्याच सुमारास मुंबईत भारतीय चित्रकारांना आपले काम दाखवण्याची, बक्षिसे मिळवण्याची आणि गिऱ्हाईक गाठण्याची नवी सोय उभी राहत होती. या वस्तुस्थितीचे वजन मी कमी लेखत नाही. धुरंधरांचे उदाहरण आपण दिले ते योग्यच आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर मूळचे कोल्हापूरचेच; १८६७ साली त्यांचा जन्म तिथे झाला, पुढे ते जे. जे. मध्ये गेले, १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले, जे. जे. मध्येच अध्यापन केले आणि अखेरीस संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली. आपल्या बाजूने मी आणखी एक नाव सुचवते. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे मोती तलावाकाठच्या सावंतवाडीचे. तेही तळे मागे ठेवून मुंबईला आले, १९०८ साली त्यांनी तिथे स्वतःची चित्रशाळा काढली आणि जलरंगात त्यांनी जे काम केले त्याला तोड नाही.

मात्र ही दोन्ही नावे घेताना त्या दोघांनी काय रंगवले, हेही पाहायला हवे. धुरंधरांचे बळ मनुष्याकृतींत होते : पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग, व्यक्तिचित्रे, पोशाख, चेहरे, मुंबईचे रस्ते आणि त्यांवरची माणसे, पुस्तकांतील आणि टपालाच्या कार्डांवरील चित्रे. अशा कामाला मॉडेल लागतात, छापखाने लागतात, काम सांगणारी माणसे लागतात, आणि ही सगळी मुंबईतच होती. हळदणकरांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे. त्या चित्रातला सगळा चमत्कार दिव्याच्या उजेडाचा आहे, बोटांच्या फटींतून झिरपणाऱ्या लालसर प्रकाशाचा आहे. असा उजेड गिरगावातल्या खोलीत बसूनही रोज संध्याकाळी नव्याने लावता येतो. काल जिथे काम थांबले तिथून आज पुढे सुरू करता येते. तळ्यावरचा उजेड असा हुकमी नसतो. तो चित्रकाराच्या घरी येत नाही, चित्रकारालाच त्याच्या दारात जाऊन राहावे लागते. मूळ लेखात मला जे म्हणायचे होते ते एवढेच, आणि ते मी गहिवरून म्हटलेले नाही.

आता रंकाळ्याबद्दल थोडे तपशिलात लिहिते, कारण नुसते 'रंकाळा' म्हटले की चौपाटी आणि भेळेच्या गाड्याच डोळ्यांपुढे येतात. रंकाळा जुन्या कोल्हापूरच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे गावातला माणूस संध्याकाळी तळ्यावर गेला की त्याचे तोंड आपोआप मावळतीकडे होते आणि पाण्यात उभा असलेला संध्यामठ त्याला उजेडाच्या विरुद्ध बाजूने दिसतो. हा मठ काळ्या दगडाचा आहे, पण संध्याकाळी त्या वेळेला तिथे उभे राहून पाहिले तर तो काळा दिसत नाही. त्याच्या सावलीच्या अंगावर आभाळाचा निळसर जांभळा रंग उतरलेला असतो आणि खांबांच्या कडांना तेवढी एक पिवळी रेघ उरते. त्याच्या खाली पाण्यातले प्रतिबिंब पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गडद वस्तूचे प्रतिबिंब त्या वस्तूपेक्षा थोडे उजळ असते, उजळ वस्तूचे थोडे गडद. पाण्यावर काम करणारा प्रत्येक चित्रकार हे पुस्तकातून शिकतो, पण ते नेमके किती उजळ आणि किती गडद, हे वाऱ्यावर, पाण्याच्या गढूळपणावर आणि सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते आणि ते सगळे घटकाभरात बदलते. मी स्वतः पाषाणच्या तलावावर जलरंगांत काम करते, म्हणून हे सांगू शकते : मार्चमध्ये कागद इतक्या झपाट्याने सुकतो की पाण्याचा पहिला सलग हात मारून होईपर्यंत वरची कड कोरडी पडलेली असते, आणि ऑगस्टमध्ये तोच कागद अर्धा तास ओला राहतो व रंग एकमेकांत उतरतात. एकाच तळ्याची दोन चित्रे करायला दोन निराळे हात लागतात.

संध्यामठाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात तळे भरले की मठाचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की तो पुन्हा उघडा पडतो. पाण्याबाहेर दिसणारी त्याची उंची बदलते, म्हणून प्रतिबिंबाची लांबी बदलते, म्हणून चित्राची मांडणीच बदलते. चार दिवसांच्या मुक्कामाला आलेला चित्रकार यांपैकी एकच मठ पाहतो. आबालालांनी रंकाळा आणि संध्यामठ रंगवला तो वर्षाचे सगळे ऋतू त्या गावात काढलेल्या माणसाच्या नजरेने. जे. जे. मध्ये त्या काळी शिकवले जाई ते काटेकोर रेखाटन, छायाप्रकाशाची शिस्त, वस्तूचा घनपणा. आबालालांच्या शिकाऊ काळातील रेखाटने या शिस्तीचा उत्तम नमुना आहेत. त्यांची निसर्गचित्रे मात्र त्या शिस्तीच्या पलीकडे गेलेली दिसतात : रंगाचे तुटक, लहान फटकारे, कडांचे विरघळणे, वस्तूपेक्षा तिच्याभोवतीच्या हवेकडे वळलेले लक्ष. हे पलीकडे जाणे त्यांना शाळेत कोणी शिकवले नव्हते. माझे ठाम मत आहे की ते त्यांना तळ्याने शिकवले, आणि या मतावरून मागे हटण्यासारखे आपल्या प्रतिक्रियेत मला काही सापडले नाही.

'कोल्हापूरने काय दिले?' हा आपला दुसरा प्रश्न. कोल्हापूर म्हणजे केवळ तळी नव्हेत, राजर्षी शाहू महाराजही. १८९४ साली गादीवर आलेल्या या राजाने कुस्ती, संगीत, नाटक यांना जसा आश्रय दिला तसाच आबालालांनाही दिला. शिकारीच्या मोहिमांत त्यांना सोबत नेले आणि जनावरांची व शिकारीच्या प्रसंगांची चित्रे त्यांच्याकडून करून घेतली. दरबारी कामात चित्रकार गुदमरतो, अशी आपली समजूत आपल्या लिहिण्यातून जाणवते. काही दरबारांत तसे झालेही असेल. येथे मात्र दरबारच चित्रकाराला घेऊन जंगलात जात होता, आणि जिवंत जनावर जिवंत उजेडात पाहण्याची अशी संधी मुंबईच्या स्टुडिओत कुठून मिळणार होती? आबालालांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांच्या लेखणीच्या रेखाटनांतील बारकावा पाहिला की ते सहज पटते. अशा घरातला हा मुलगा एका मराठा राजाचा चित्रकार होतो आणि त्याच गावाच्या मठामंदिरांची, घाटांची, झाडांची चित्रे काढत आयुष्य घालवतो, हे त्या काळच्या कोल्हापुरात घडू शकले. याला मी कोल्हापूरचे देणे मानते.

हलाखीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. कोटितीर्थाच्या परिसरात फकिरासारखे राहणारे आबालाल कोल्हापूरच्या आठवणींत अजून आहेत. परंतु फकिरी लादलेली किती आणि पत्करलेली किती, याचा निवाडा आपण पुण्यातून करू नये, आणि मीही करणार नाही.

आता चित्रे बुडवण्याची कथा. आपण ती आपल्या म्हणण्याचा निर्णायक पुरावा म्हणून मांडली आहे. ही कथा कोल्हापुरात अनेक प्रकारांनी सांगितली जाते : कोणी म्हणते चित्रे कोटितीर्थात बुडवली, कोणी म्हणते जाळली, आणि किती चित्रे याचे आकडे तर सांगणाऱ्यागणिक वाढत जातात. आकडे मी सोडून देते. पण सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. ही घटना ६ मे १९२२ रोजी झालेल्या शाहू महाराजांच्या निधनाशी जोडली जाते. गावाने उपेक्षा केली म्हणून रागाने चित्रे नष्ट केली, असे सांगणारा कोल्हापूरकर मला भेटलेला नाही. ज्याच्यासाठी रंगवले तो पाहणारा गेला, या दुःखाने ती नष्ट केली, असेच सगळे सांगतात. कथा खरी मानायची तर तिचा हा गाभाही मानावा लागेल, आणि मग ती आपल्या बाजूने साक्ष देत नाही. ती राजा, गाव आणि चित्रकार यांच्यातील नाते किती घट्ट होते हेच सांगते. कथा खोटी मानायची, तर तिच्यावर उभारलेला निष्कर्षही मागे घ्यावा लागेल.

त्यानंतर आबालाल आणखी नऊ वर्षे जगले आणि १९३१ साली वारले. गाव सोडून ते कुठे गेले नाहीत.

'वाया गेलेली प्रतिभा' हे शब्द मला खटकले ते आणखी एका कारणाने. आबालालांच्या पुढच्या पिढीत याच गावात बाबूराव पेंटर झाले, ज्यांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. बाबा गजबर झाले, रवींद्र मेस्त्री झाले. रुपेरी पडद्यावरचे नायक चंद्रकांत मांडरे आयुष्यभर निसर्गचित्रे काढत राहिले आणि राजारामपुरीतील त्यांच्या घराचे आज संग्रहालय झाले आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन, उघड्यावर बसून चित्र काढण्याची जी सवय कोल्हापूरच्या चित्रकारांच्या अंगात मुरली आहे, तिच्या मुळाशी आबालालांचे नाव आदराने घेतले जाते. आजही टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते, एकीकडे गाणे चाललेले असते आणि दुसरीकडे चित्रकार लोकांच्या समोर रंगवत बसलेले असतात. मुंबईला गेलेल्या आबालालांनी मुंबईच्या कलेत एका नावाची भर घातली असती. कोल्हापुरात राहून त्यांनी एका गावाला चित्र पाहायला शिकवले. या दोहोंत मोठे काय, यावर आपले आणि माझे मत वेगळे असू शकते, पण दुसरे काम केलेला माणूस वाया गेला असे म्हणणे मला मान्य नाही.

राहता राहिला पुण्यात बसून गहिवरण्याचा मुद्दा. पुण्यात राहणाऱ्या माणसाला तळे हरवणे म्हणजे काय, हे इतरांपेक्षा अधिक कळायला हवे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी करवलेले तळे गेले आणि तिथे सारसबाग आली. आज आपण हिरवळीवरून चालत 'तळ्यातल्या गणपती'च्या दर्शनाला जातो आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. कोल्हापुरातही हेच झाले. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. आबालालांच्या काळातील कोल्हापूर हे जागोजागी पाणी असलेले गाव होते आणि त्यांतील जी तळी उरली आहेत त्यांचीही अवस्था चांगली नाही. रंकाळ्यात सांडपाणी मिसळले, पाणी हिरवे पडले, जलपर्णी माजली. शाहू मिलजवळच्या कोटितीर्थानेही हेच भोगले. पाणी हिरव्या थराने झाकले की त्यात प्रतिबिंब पडत नाही, आणि मग आबालालांनी नेमके काय पाहिले होते हे नव्या चित्रकाराला जागेवर जाऊन तपासता येत नाही. आपला सगळा रोष 'कोल्हापूरने त्यांना काय दिले' यावर आहे. माझा रोष आपण त्यांच्या तळ्यांचे काय केले यावर आहे, आणि त्यात मी पुण्यालाही धरते.

लेखाचा मथळा बदलावा, ही आपली सूचना मी स्वीकारत नाही. 'रंकाळ्याचा चित्रकार' हे शब्द तसेच राहतील. मात्र माझी आपल्याला एक विनंती आहे. आबालालांची छापील चित्रे पाहून त्यांच्याविषयी मत बनवू नका, छपाईत त्यांचे करडे आणि जांभळे रंग पहिल्यांदा मरतात. कोल्हापूरला टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात त्यांची मूळ चित्रे आहेत. स्वारगेटहून सकाळची एस. टी. घेतली तर दुपारी ती पाहून होतात आणि संध्याकाळच्या आत रंकाळ्यावर पोहोचता येते. हाच क्रम ठेवा, उलटा नको. त्यानंतरही आपले मत कायम राहिले, तर ते आपण सविस्तर लिहून पाठवा. ते मी एक अक्षरही न गाळता प्रसिद्ध करीन.

कळावे, लोभ असावा.